ललिताजींचा राहून गेलेला प्रश्न

दरवर्षी २ ऑक्टोबरला आमच्या गावातल्या शाळेत टेबलावर दोन तसबिरी मांडतात. एक गांधीजींची, मोठी. शेजारी शास्त्रीजींची, लहानशी. हारसुद्धा तसेच, एक मोठा, एक छोटा. भाषणं सगळी गांधीजींवर होतात आणि शेवटच्या दोन मिनिटांत जय जवान, जय किसानची घोषणा देऊन शास्त्रीजींना आटोपून टाकतात. गेल्या वर्षी पाहुणी म्हणून मला बोलावलं होतं. कार्यक्रम संपल्यावर सातवीतल्या एका मुलीनं मला दारात गाठलं आणि विचारलं, की बाई, शास्त्रीजी कशानं गेले? मी हृदयविकारानं असं सांगून मोकळी झाले. पण घरी येईपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिलं. कारण खुद्द त्यांच्या पत्नीनं, ललिताजींनी, ते उत्तर शेवटपर्यंत मान्य केलं नव्हतं.

आमच्या घरात शास्त्रीजींचं नाव लहानपणापासून ऐकलेलं. माझी आजी सोमवार करायची. सोमवारचा उपास आपण संध्याकाळी सोडतो, पण १९६५ साली शास्त्रीजींनी देशाला सोमवारी संध्याकाळी एक वेळ चूल बंद ठेवायला सांगितलं. झाली की नाही पंचाईत! आजीनं त्यावर तोडगा काढला. सोमवारी रात्री गूळ-शेंगदाणे खाऊन ती झोपायची आणि उपास मंगळवारी सकाळी सोडायची. शास्त्रीजी गेले, धान्य मुबलक झालं, तरी तिनं तो नेम मोडला नाही. एका पंतप्रधानाच्या शब्दाखातर खेड्यातली बाई जन्मभर रात्री उपाशी झोपते, ही काय साधी गोष्ट आहे? तो माणूस कोण होता आणि त्याच्या मागे त्याच्या बायकोवर काय वेळ आली, ते आज सांगावंसं वाटतं.

विधवा आईचा मुलगा

लालबहादूर यांचा जन्म २ ऑक्टोबर १९०४ चा, मुघलसरायचा. वडील शारदाप्रसाद आधी शिक्षक होते, नंतर महसूल खात्यात कारकून झाले. मूल जेमतेम दीड वर्षाचं असताना ते गेले. आई रामदुलारीदेवी ऐन तरुणपणी विधवा झाल्या आणि लेकरांना घेऊन माहेरी आल्या. म्हणजे शास्त्रीजी वाढले ते आजोळी, दुसऱ्यांच्या आधारानं. परक्याच्या घरी वाढलेलं मूल कमी बोलतं, कमी मागतं, हे आपण आजूबाजूला बघतोच. तो स्वभाव त्यांच्यात कायमचा मुरला.

शिकायला ते बनारसला आले. १९२१ साली गांधीजींच्या असहकार चळवळीत त्यांनी शाळा सोडली. पुढे काशी विद्यापीठ या राष्ट्रीय शाळेत शिकून १९२५ मध्ये त्यांनी शास्त्री ही पदवी मिळवली. जातीवरून येणारं श्रीवास्तव हे आडनाव त्यांनी आधीच टाकलं होतं. पदवीच मग नावाला चिकटली. लाला लजपत राय यांनी काढलेल्या लोकसेवक मंडळाचं काम त्यांनी पत्करलं आणि १९२८ मध्ये मिर्झापूरच्या ललितादेवींशी त्यांचं लग्न झालं. हुंडा काय घेतला? एक चरखा आणि काही वार खादी. त्या काळी त्या मुलखात हुंड्याचं केवढं प्रस्थ होतं!

ललिताजींचा संसार म्हणजे नवऱ्याच्या तुरुंगवाऱ्यांच्या मधला संसार. शास्त्रीजी सगळे मिळून सुमारे नऊ वर्षं तुरुंगात होते. एक किस्सा प्रसिद्ध आहे. ते तुरुंगात असताना मंडळाकडून घरी दरमहा ५० रुपये यायचे. तेवढ्यात भागतं का, असं त्यांनी पत्रातून विचारलं. ललिताजींनी अभिमानानं कळवलं, की चाळीसातच भागतं, दहा शिल्लक टाकते. यावर शास्त्रीजींनी काय करावं? मंडळाला लिहिलं, की आमच्या घरी चाळीसच पाठवा, उरलेले दहा दुसऱ्या गरजू कुटुंबाला द्या. हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग ललिताजींची दयाही आली. काटकसरीनं जमवलेले दहा रुपये असे हातचे गेलेले कुठल्या बाईला आवडतील?

एकदा मुलगी आजारी पडली म्हणून त्यांना पंधरा दिवसांच्या सुट्टीवर सोडलं. मुदत संपायच्या आधीच मुलगी गेली. तिचे अंत्यसंस्कार उरकून ते उरलेले दिवस न घेता तुरुंगात परत गेले, कारण ज्या कामासाठी सोडलं होतं ते काम संपलं होतं. मागे राहिलेल्या आईनं तो शोक एकटीनं केला.

पद आलं, पण घर तसंच

स्वातंत्र्यानंतर शास्त्रीजी मंत्री झाले. १९५६ च्या नोव्हेंबरात तमिळनाडूत अरियलूरजवळ रेल्वेचा भीषण अपघात झाला. दीडशेच्या आसपास माणसं गेली. रेल्वेमंत्री म्हणून जबाबदारी आपली, असं म्हणून त्यांनी राजीनामा दिला. नेहरूंच्या निधनानंतर ९ जून १९६४ रोजी ते पंतप्रधान झाले. मुलांच्या हट्टापायी फियाट गाडी घ्यायची ठरली. किंमत बारा हजार आणि बँकेत होते सात हजार. मग पंतप्रधानांनी पाच हजारांचं कर्ज काढलं! ते फिटायच्या आत ते गेले. पुढे ललिताजींनी ते कर्ज आपल्या पेन्शनमधून फेडलं, असं त्यांची मुलं सांगतात.

पंतप्रधानकीचे ते एकोणीस महिने फार खडतर होते. धान्याचा तुटवडा होता, अमेरिकेच्या गव्हावर आपली भिस्त होती. १९६५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात पाकिस्तानशी युद्ध झालं. एक वेळ न जेवण्याचं आवाहन देशाला करायच्या आधी त्यांनी ललिताजींना सांगितलं म्हणे, की आज रात्री चूल पेटवू नका, आपली मुलं उपाशी राहू शकतात का ते बघू. मुलं राहिली. मगच त्यांनी ते आवाहन देशाला केलं. माझ्या आजीनं त्यांचा शब्द मानला तो काही उगीच नव्हे.

ताश्कंदची रात्र

युद्ध थांबलं, पण दोन्हीकडचं सैन्य एकमेकांच्या मुलखात बसलेलं होतं. सोविएत युनियननं मध्यस्थी केली आणि ताश्कंदला बोलणी ठरली. हे शहर आज उझबेकिस्तानात आहे. ४ जानेवारी १९६६ ला बोलणी सुरू झाली. शास्त्रीजींबरोबर आपले यशवंतराव चव्हाणही होते, संरक्षणमंत्री म्हणून. १० जानेवारीला शास्त्रीजी आणि पाकिस्तानचे अयुब खान यांनी करारावर सह्या केल्या. सैन्यं ५ ऑगस्टच्या आधीच्या जागी परत न्यायची, असं ठरलं. त्यामुळे आपल्या जवानांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंडही परत द्यावी लागणार होती.

त्या रात्री त्यांनी दिल्लीला घरी फोन लावला. शास्त्रीजींचे माहिती अधिकारी कुलदीप नय्यर तेव्हा ताश्कंदमध्ये होते. त्यांनी लिहून ठेवलं आहे, की थोरल्या मुलीनं करार आवडला नाही असं वडिलांना स्पष्ट सांगितलं आणि ललिताजी तर नाराजीमुळे फोनवर आल्याच नाहीत. मैत्रिणींनो, नवऱ्यावर रुसून आपण कितीदा बोलत नाही! सकाळ होते, चहा होतो, रुसवा जातो. ललिताजींची ती सकाळ आलीच नाही.

शास्त्रीजी थोडंसं जेवले, झोपण्यापूर्वी दूध घेतलं. मध्यरात्रीनंतर खोकत खोकत ते स्वतःच चालत सचिवांच्या खोलीपर्यंत आले आणि डॉक्टरांना बोलवा म्हणाले. त्यांच्या पलंगाजवळ बोलवायला घंटा नव्हती, असं नय्यर लिहितात. त्यांचे डॉक्टर आर. एन. चुघ धावत आले, पण उपयोग झाला नाही. ताश्कंदच्या वेळेनुसार रात्री दीडच्या सुमारास, ११ जानेवारी १९६६ रोजी, शास्त्रीजी गेले. करार होऊन जेमतेम काही तास झाले होते. सकाळी अयुब खान यांनी त्यांच्या शवपेटीला खांदा दिला. त्याच दिवशी पार्थिव दिल्लीला आलं आणि दुसऱ्या दिवशी यमुनाकाठी, आता ज्याला विजयघाट म्हणतात तिथे, अंत्यसंस्कार झाले.

बायकोला जे दिसलं

कारण सांगितलं गेलं हृदयविकाराच्या झटक्याचं. डॉ. चुघ आणि सोविएत डॉक्टरांनी तसा अहवाल दिला होता. यात अशक्य काहीच नव्हतं. शास्त्रीजींना आधी दोनदा झटका येऊन गेला होता, त्यातला दुसरा पंतप्रधान झाल्या झाल्या. कामाचा ताण, कडाक्याची थंडी, वर घरच्यांची नाराजी. हृदय थकलं असेलही.

पण पार्थिव घरी आलं तेव्हा ललिताजींनी पाहिलं, की चेहरा आणि अंग निळं पडलंय. अंगावर छेद दिल्याच्या खुणा होत्या. जिनं जन्मभर त्या माणसाचं दुखलंखुपलं पाहिलं, तिला हे खटकलं आणि विषप्रयोगाची शंका आली. शव टिकवण्यासाठी औषधं भरतात, त्यासाठी छेद द्यावे लागतात आणि रंगही बदलतो, असा खुलासा झाला. तोही खरा असू शकतो. त्या रात्री तिथल्या सोविएत खानसाम्याला ताब्यात घेऊन चौकशी झाली होती आणि मग सोडून दिलं गेलं होतं. म्हणजे त्या क्षणी तिथल्या पोलिसांनाही शंका आली होती! रात्रीचं जेवण आपल्या राजदूतांकडच्या स्वयंपाक्यानं केलं होतं. शास्त्रीजींचा थर्मास आणि रोजची डायरी परत आलीच नाही, असं मुलं सांगत आली.

या साऱ्या शंकांना एकच उत्तर होतं, पोस्टमॉर्टेम. ते ताश्कंदला झालं नाही आणि दिल्लीतही झाल्याची नोंद नाही. एका देशाचा पंतप्रधान परक्या भूमीवर अचानक जातो आणि त्याचं शवविच्छेदन होत नाही! खेड्यातल्या विहिरीत कुणी सापडलं तरी आपल्याकडे ते होतं. हृदयविकार होता की विष, हे तेव्हा एका दिवसात कळलं असतं. विष नसतं तर ललिताजींच्या मनातली शंका तिथेच मिटली असती. असतं तर सरकारला पुढचा तपास करावा लागला असता. चितेला अग्नी दिला आणि दोन्ही वाटा बंद झाल्या.

विचारत राहिलेलं घर

घरात सहा मुलं, त्यात धाकटा शाळेत जाणारा. कर्जाचा हप्ता डोक्यावर. अशा वेळी बाई गप्प बसली असती तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण ललिताजी गप्प बसल्या नाहीत. शास्त्रीजींच्या समाधीवर जय जवान, जय किसान ही अक्षरं कोरली जावीत यासाठी त्यांना उपोषणाचा इशारा द्यावा लागला, असं नय्यर यांनी लिहिलं आहे. १९७० साली त्यांनी मृत्यूच्या चौकशीची मागणी जाहीरपणे केली. संसदेतही हा प्रश्न निघाला. पण दरवेळी उत्तर एकच, की डॉक्टरांचा अहवाल आहे, शंकेला जागा नाही.

१९७७ मध्ये सरकार बदललं. राजनारायण यांच्या पुढाकारानं चौकशी सुरू झाली, पण निष्कर्ष काही निघाला नाही आणि तिचे कागद संसदेकडेही सापडत नाहीत. त्याच वर्षी डॉ. चुघ मोटार अपघातात गेले. शास्त्रीजींचे जुने सेवक रामनाथ यांनाही वाहनानं धडक दिली आणि ते जायबंदी झाले, असं कुटुंबीय सांगतात. हे अपघात निव्वळ योगायोगही असतील. त्यावरून कुणावर बोट ठेवणं बरोबर नाही. पण त्या रात्री जवळ असलेले दोन साक्षीदार घरच्यांना दुरावले, एवढं मात्र खरं.

१३ एप्रिल १९९३ रोजी ललिताजी गेल्या. सत्तावीस वर्षं त्यांनी तो एक प्रश्न मनात वागवला. त्यांच्यामागे मुलांनी तो चालू ठेवला. २००९ मध्ये माहिती अधिकारात कुणीतरी अर्ज केला, तेव्हा पंतप्रधान कार्यालयानं कळवलं, की याविषयी एक गोपनीय कागद आहे, पण तो उघड केला तर परदेशांशी संबंध बिघडतील. सोविएत युनियनमध्ये शवविच्छेदन झालं नव्हतं, हेही तेव्हा सरकारी उत्तरातून कळलं. २०१८ मध्ये केंद्रीय माहिती आयोगानं असे कागद खुले करण्याचा विचार व्हावा म्हणून ते पंतप्रधान आणि गृहमंत्र्यांपुढे ठेवायला सांगितलं. २०१९ मध्ये याच विषयावर हिंदी सिनेमाही येऊन गेला. मधल्या काळात दिल्लीत निरनिराळ्या पक्षांची सरकारं आली नि गेली. विरोधात असताना सगळ्यांना हा प्रश्न आठवतो. सत्तेत आल्यावर फाइल पुन्हा कपाटात जाते.

मला इथे एक गोष्ट फार लागते. ललिताजींच्या प्रश्नाला लोकांनी राजकारणाचा प्रश्न केलं. कुणी या देशाचा कट म्हणालं, कुणी त्या देशाचा, कुणी घरच्याच माणसांवर संशय घेतला. त्या गदारोळात मूळ विचारणारी बाई बाजूलाच पडली. तिनं सुरुवातीला एवढंच विचारलं होतं, की माझा नवरा कशानं गेला ते मला नीट सांगा.

आपल्या दारातली गोष्ट

आता कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या माणसांची कथा, तिचा आपल्याशी काय संबंध? आहे, म्हणूनच लिहिते आहे. आमच्या महिला मंडळाकडे काही वर्षांपूर्वी एक आई आली होती. लेक सासरी अचानक गेली. सासरकडून निरोप आला, तो उशिरा. ही माणसं एसटीनं पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं. आजारी होती एवढंच सांगितलं. त्या आईनं लेकीच्या गळ्याजवळचे वळ शेजारणीकडून ऐकले होते, स्वतः पाहिले नव्हते. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो, वकिलांकडे गेलो. सगळीकडे एकच विचारणा, की पोस्टमॉर्टेमचा कागद कुठाय? कागद नव्हता. ती बाई अजूनही बाजारात भेटली की माझा हात धरते आणि काही न बोलता उभी राहते. तेव्हा मला ललिताजी आठवतात.

आपल्याकडे मयताची चिरफाड नको, आत्म्याला त्रास होतो, लवकर उरका, असं म्हणायची पद्धत आहे. दुःखात माणूस भांबावलेला असतो, चार वडीलधारे म्हणतील ते ऐकतो. पण मृत्यू अचानक झाला असेल आणि मनात जरा जरी शंका असेल, तर ती त्याच वेळी बोलून दाखवा. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय अग्नी देऊ नका. विषाची शंका असेल तर व्हिसेरा राखून ठेवून तपासायला पाठवतात, ते आवर्जून सांगा. पंचनाम्याची आणि अहवालाची प्रत मागून घ्या. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत सुनेचा संशयास्पद मृत्यू झाला, तर पोलिसांखेरीज दंडाधिकाऱ्यांची चौकशी कायद्यात सांगितली आहे. आपल्याकडे बहुधा तहसील कचेरीतले अधिकारी येतात. यात कुणावर सूड उगवायचा नसतो. निर्दोष सासरची माणसंसुद्धा याच कागदामुळे सुटतात आणि दोन्ही घरं पुढच्या आयुष्याला मोकळी होतात.

शास्त्रीजी कशानं गेले, ते आता बहुधा कधीच कळणार नाही. हृदयविकारानंही गेले असतील. पण एवढा सचोटीचा माणूस, ज्यानं पाच हजारांच्या कर्जाचाही हिशेब ठेवला, त्याच्या मृत्यूचा हिशेब देशानं त्याच्या बायकोला दिला नाही. यंदा २ ऑक्टोबरला शाळेत जाईन तेव्हा त्या सातवीतल्या, म्हणजे आता आठवीतल्या मुलीला शोधणार आहे. मागच्या वर्षी अर्धंच उत्तर दिलं होतं, ते पुरं करायचं आहे. डॉक्टरांनी काय सांगितलं ते सांगेन, ललिताजींनी काय विचारलं तेही सांगेन. आणि छोट्या तसबिरीला घालायला एक मोठा हार घरून करून नेईन.